मराठी मजकूर, इंग्रजी अक्षरं आणि गणिताचा फॉन्ट: तिघांची जुळणी कशी करावी?

दादरची_मास्तरीण

नमस्कार मंडळी. आम्ही चार-पाच शिक्षक मिळून बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी कलनाची मराठी पुस्तिका तयार करतोय. मराठी माध्यमातून दादर-परळच्या कॉलेजांत येणाऱ्या मुलांना व्याख्या आणि सिद्धता एकदा तरी आपल्या भाषेत वाचायला मिळाव्यात, एवढाच हेतू. काम लुआलेटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पानं जुळवणाऱ्या टेक या प्रणालीच्या एका रूपात, चालू आहे. मजकुराला शोभिका हा देवनागरी फॉन्ट घेतला आहे, सूत्रांना काहीच सांगितलेलं नाही, म्हणजे आपोआप मिळणारा लॅटिन मॉडर्न फॉन्ट येतोय.

पडद्यावर ठीक दिसतं, पण नमुना पानं छापून आली तेव्हा मन खट्टू झालं. देवनागरी ठसठशीत आणि मधली सूत्रं अगदी फिकी, जणू कोणी पेन्सिलीने मागाहून लिहिली आहेत. अपूर्णांकाची रेघ तर काही ठिकाणी तुटल्यासारखी दिसते. मुद्रक म्हणतात शाई वाढवू, पण मग देवनागरीची गाठोडी होतात.

दुसरी अडचण अशी की वाक्यातला 'एक्स' आणि सूत्रातला 'एक्स' दोन वेगळ्या घरांतले वाटतात. कोणता फॉन्ट कोणाबरोबर बसतो याचा काही नियम आहे का? नुसती "हा घ्या" अशी नावं नकोत, का घ्यायचा तेही सांगा. पुढच्या पुस्तिकेला आम्हालाच निवड करता यायला हवी.

जुळारी

ताई, शाईचा काही दोष नाही. देवनागरीची शिरोरेषा आणि लॅटिन मॉडर्नच्या बारीक रेषा यांच्या जाडीत मूळचीच मोठी तफावत आहे. लॅटिन मॉडर्न हा टेक घडवणाऱ्या डोनाल्ड क्नुथ यांच्या कॉम्प्युटर मॉडर्नचा वारस. त्यात जाड आणि बारीक रेषांमधला फरक खूप. अपूर्णांकाची रेघ १० पॉइंटच्या अक्षराला जेमतेम ०.४ पॉइंट. एकटी छापली तर सुंदर दिसते. शेजारी शिरोरेषा आली की मात्र डोळा त्याच जाडीची अपेक्षा धरतो आणि रेघ हरवते.

फॉन्ट जुळवताना नाव, घराणं, शैली हे सगळं नंतर. आधी दोनच गोष्टी बघायच्या: रेषांची जाडी आणि लहान 'एक्स'ची उंची. कॉम्प्युटर मॉडर्नमध्ये १० पॉइंटला लहान 'एक्स' सुमारे ४.३ पॉइंट उंच, टाइम्समध्ये साधारण ४.५. शोभिकातली इंग्रजी अक्षरं पीटी सेरिफवरून घेतली आहेत आणि पीटी सेरिफचा 'एक्स' याहून चांगलाच उंच. म्हणून तुमचे दोन 'एक्स' दोन घरांतले वाटतात. ते आहेतच तसे.

निवडीचा क्रमही उलटा करा. आपण सगळे आधी आवडता देवनागरी फॉन्ट धरतो आणि मग गणित कुठेतरी बसवतो. देवनागरीचे चांगले मोफत फॉन्ट आता पुष्कळ झालेत. गणिताचे पूर्ण फॉन्ट मात्र बोटांवर मोजण्याइतके आहेत. जिथे पर्याय कमी तिथून सुरुवात करायची: आधी गणित, मग त्याच घराण्यातली मजकुराची इंग्रजी अक्षरं, आणि शेवटी त्या दोघांच्या जाडीला मानवेल अशी देवनागरी. देवनागरीचा आकार थोडा कमीजास्त करता येतो, जाडीचे पर्यायही मिळतात. गणिताच्या फॉन्टात ती लवचीकता नसते.

पवई_वसतिगृह

जुळारीकाकांना +१. शोभिकाबद्दल थोडी भर घालतो, कारण तो आमच्याच कॅम्पसवरचा. आयआयटी मुंबईतल्या विज्ञान आणि वारसा उपक्रमातून तो आला. संस्कृतमधलं शास्त्रीय लेखन, म्हणजे ज्योतिष-गणिताचे ग्रंथ नीट छापता यावेत हा त्यामागचा हेतू. देवनागरी भाग राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रावर आधारलेला आहे. ११००च्या वर जोडाक्षरं आहेत, त्यामुळे 'र्त्स्न्य'सारखी गाठसुद्धा नीट उभी राहते. साधा आणि ठळक अशा दोन जाड्या मिळतात.

त्यात नेहमीची गणितचिन्हं आहेत, पण तेवढ्यावर तो गणिताचा फॉन्ट होत नाही, इथेच बरेच जण फसतात. गणिताच्या फॉन्टाच्या पोटात एक वेगळा तक्ता लागतो. घातांक किती वर चढवायचा, छेद आणि रेघ यांत किती अंतर, वर्गमूळाचं चिन्ह मोठं करताना कोणते तुकडे जोडायचे, तिरक्या अक्षराच्या डोक्यावर टोपी नेमकी कुठे बसवायची, हे सगळं त्या तक्त्यात असतं. हा तक्ता मायक्रोसॉफ्टने काढला आणि ऑफिस २००७ बरोबर आलेला कँब्रिया मॅथ हा तो वापरणारा पहिला फॉन्ट. आता लॅटिन मॉडर्न मॅथ, स्टिक्स टू मॅथ, लिबर्टिनस मॅथ, टेक जायरचे पजेला, टर्मिस, स्कोला, बोनम, असाना, फिरा मॅथ या सगळ्यांत तो आहे. युनिकोड-मॅथ हे पॅकेज, म्हणजे टेकला जोडायचा तयार आज्ञासंच, यातलं काहीही उचलतं.

सरळरेषा

एवढा खटाटोप कशाला? मॅथअ‍ॅजटेक्स्ट नावाचं पॅकेज आहे. मजकुराची जी अक्षरं तीच सूत्रांत घेतं. एकच फॉन्ट, एकच जाडी, प्रश्न मिटला.

जुळारी

मिटत नाही. ज्या कागदात दोन-चार साधी सूत्रं आहेत तिथे ते पॅकेज चांगलं काम करतं, ताईंच्या पुस्तिकेत नाही.

कारण असं. मजकुरातलं तिरकं अक्षर शेजारच्या अक्षराला खेटून बसण्यासाठी घडवलेलं असतं, कारण तिथे शब्द तयार करायचा असतो. सूत्रातलं अक्षर एकटं उभं असतं. शेजारी शेजारी लिहिलेले 'ए' आणि 'बी' म्हणजे गुणाकार, शब्द नव्हे. म्हणून गणिताच्या तिरक्या अक्षरांच्या दोन्ही बाजूंना जास्त मोकळीक ठेवलेली असते. मजकुराचा तिरका 'एफ' घेऊन पुढे कंस उघडून बघा. 'एफ'चं वरचं टोक थेट कंसावर जाऊन आपटतं. त्याच 'एफ'ला पादांक आणि घातांक दोन्ही द्या, दोघं एकाच उभ्या रेषेत येतात आणि पादांक अक्षरापासून तुटून लांब पडतो. कलनाच्या पुस्तकात 'एफ ऑफ एक्स' दर ओळीला येणार. प्रत्येक ओळीत ही टक्कर दिसेल.

दुसरं, ग्रीक 'न्यू' आणि इंग्रजी तिरका 'व्ही'. टाइम्सच्या घराण्यात हे दोघे जुळे भाऊ दिसतात. न्यूटीएक्समॅथ पॅकेजमध्ये म्हणूनच वेगळ्या वळणाचे 'व्ही' आणि 'डब्ल्यू' देणारा पर्याय ठेवला आहे. फॉन्ट निवडताना चाचणीची एक ओळ करा: 'ए' आणि अल्फा, 'व्ही' आणि न्यू, 'डब्ल्यू' आणि ओमेगा, लहान 'एल', आकडा एक, मोठा 'आय', शून्य आणि 'ओ'. या जोड्या १० पॉइंटला आणि घातांकाच्या आकारातही वेगळ्या ओळखता आल्या तरच पुढे जायचं.

सरळरेषा

'एफ' आणि कंसाचं आत्ताच छापून पाहिलं. पटलं.

दादरची_मास्तरीण

खूप उपयोगी माहिती, मनापासून आभार. आता आणखी एक प्रश्न. प्रास्ताविक प्रकरणात आम्ही सूत्रांत मराठी शब्द वापरतो, उदा. वेग बरोबर अंतर भागिले वेळ. तिथे दोन घोळ होतात. 'क्षेत्रफळ' लिहिलं की 'क', हलन्त, 'ष' असे तुकडे सुटे पडतात. आणि अपूर्णांकात छेदातल्या शब्दाची शिरोरेषा अपूर्णांकाच्या रेघेच्या लगेच खाली येते. दोन समांतर रेघा! आमच्याच एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, यातली भागाकाराची कोणती?"

पवई_वसतिगृह

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. गणिताच्या अवस्थेत टेक प्रत्येक अक्षर सुटं उचलतो. जोडाक्षर घडवण्याची क्रिया तिथे होतच नाही, कारण तिथे अक्षर म्हणजे चल. त्यामुळे सूत्रातला मराठी शब्द कायम एएमएसमॅथ पॅकेजच्या 'टेक्स्ट' आज्ञेत गुंडाळायचा. 'मसावि', 'लसावि' अशी क्रियांची नावं असतील तर ऑपरेटरच्या आज्ञेत 'टेक्स्ट' घाला, म्हणजे जोडाक्षरही जुळतं आणि आजूबाजूची मोकळीकही गणिताच्या रीतीची राहते. प्रत्येक वेळी टंकण्यापेक्षा सुरुवातीलाच स्वतःच्या आज्ञा करून ठेवा. शिवाय देवनागरी फॉन्टाला अक्षरं जुळवणारा हार्फबझ रेंडरर लावलेला आहे ना ते बघा, नाहीतर साध्या मजकुरातही वेलांटी भलतीकडे जाते.

जुळारी

तुमच्या विद्यार्थिनीने मोलाचा प्रश्न विचारला. आपली लिपी वरच्या रेषेला लटकते, इंग्रजी खालच्या रेषेवर उभी राहते. गणिताच्या फॉन्टातली सगळी अंतरं खालच्या रेषेवर उभ्या राहणाऱ्या लिपीसाठी ठरवलेली आहेत. इंग्रजी छेदात लहान अक्षरं असली तर रेघेखाली आपोआप मोकळी जागा राहते. देवनागरी शब्दाचं डोकं सलग सपाट, म्हणून दुसरी रेघ आखल्यासारखी दिसते.

यावर तीन गोष्टी करायच्या. छेदातल्या मराठी शब्दाला अदृश्य खुंटी द्या. म्हणजे शून्य रुंदीची आणि शिरोरेषेपेक्षा थोडी उंच अशी उभी रेघ (रूल). मग शब्द रेघेपासून खाली सरकतो. सगळ्या पुस्तकात एकसारखं हवं असेल तर लुआटेकमध्ये रेघ आणि छेद यांतलं किमान अंतर वाढवायची आज्ञा आहे, ती एकदाच द्या. पण तसं केलं तर इंग्रजी अपूर्णांकही मोकळे होतील, म्हणून मी खुंटीच वापरेन. दुसरं, रेघ शब्दापेक्षा दोन्ही बाजूंना थोडी लांब ठेवा. अंश-छेदाच्या दोन्ही टोकांना बारीकशी जागा घातली की झालं. तिसरं, मराठी शब्द असलेला अपूर्णांक ओळीच्या मध्ये कधीच टाकू नका. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा-रफार यांच्या मध्ये त्याला जागाच नसते. स्वतंत्र ओळीवर घ्या.

ओळींमधलं अंतरही वाढवावं लागेल. इंग्रजी पुस्तकात १० पॉइंटला १२ पॉइंटची ओळ चालून जाते. देवनागरी आणि गणित एकत्र असेल तर मी १६च्या खाली जात नाही.

स्वल्पविराम

आकड्यांचं काय ठरवलंय? माझ्या मते मराठी पुस्तकात आकडे मराठीच हवेत, सूत्रातही.

दादरची_मास्तरीण

आमच्यातही यावर एकमत नाही. मुलांना पुढे विद्यापीठाचा पेपर आणि संदर्भग्रंथ इंग्रजी आकड्यांतच भेटणार.

पवई_वसतिगृह

तंत्राच्या बाजूने मराठी आकडे शक्य आहेत. गणिताच्या फॉन्टांत देवनागरी आकडे नसतात, पण युनिकोडमधली ० ते ९ ही दहा चिन्हं मजकुराच्या देवनागरी फॉन्टातून घे असं टेकला सांगता येतं. आकड्यांना जोडाक्षराची भानगड नाही, त्यामुळे सुटे उचलले तरी काही बिघडत नाही. फक्त घातांकाच्या आकारात देवनागरी आकडे फार बारीक होतात. पाच, सहा आणि नऊ एकमेकांत मिसळू लागतात. घातांकाचा आकार थोडा वाढवावा लागेल.

जुळारी

दोन्हींतलं काहीही निवडा, सरमिसळ तेवढी टाळा. वाक्यात "एन बरोबर १" असं मराठी आकड्यात आणि खालच्या सूत्रात इंग्रजी आकडे असं केलं तर पंचाईत होते. मराठी एक आणि इंग्रजी नऊ यांची वळणं किती जवळची आहेत ते शेजारी लिहून बघा. घातांकाच्या आकारात तर फरक कळतच नाही. पान क्रमांक, प्रकरण क्रमांक, वर्षं मराठीत ठेवा, हरकत नाही. पण ज्या आकड्याला गणितात किंमत आहे तो वाक्यात असो वा सूत्रात, एकाच लिपीत हवा.

हेच इंग्रजी अक्षरांना लागू. वाक्यातला प्रत्येक चल, एकटा 'एक्स'सुद्धा, डॉलरच्या चिन्हांत टंका, टेकमध्ये सूत्र लिहितात तसाच. "समजा एक्स ही वास्तव संख्या आहे" यातला 'एक्स' सूत्रातलाच आहे. तो मजकुराच्या फॉन्टात आला तर वाचणाऱ्याच्या दृष्टीने ते निराळं चिन्ह होतं. ताईंची 'दोन घरं' ही तक्रार अर्धी इथेच संपेल.

मुलुंड_पूर्व

आम्ही शाळेत वर्डच वापरतो. आम्हाला यातलं काही जमेल का?

पवई_वसतिगृह

बरंच काही जमेल. समीकरणाच्या पर्यायांत डिफॉल्ट फॉन्ट बदलता येतो. यादीत फक्त तो गणिताचा तक्ता असलेले फॉन्टच येतात, म्हणजे स्टिक्स टू मॅथ बसवला की तो दिसेल. मराठी शब्द समीकरणात घालताना तो निवडून 'नॉर्मल टेक्स्ट' करा आणि मग देवनागरी फॉन्ट द्या. कँब्रिया मॅथच ठेवायचा असेल तर इंग्रजी मजकूर कँब्रियात घ्या. टाइम्सबरोबर कँब्रिया मॅथ हे प्रश्नपत्रिकांत सर्रास दिसतं, पण कँब्रियाच्या रेषा टाइम्सपेक्षा दणकट आहेत, सूत्रं उगाच ठळक केल्यासारखी वाटतात.

स्वल्पविराम

आणि व्याख्यानाच्या स्लाइड्स? तिथे मी 'मुक्त' हा देवनागरी फॉन्ट वापरते.

जुळारी

मुक्त उत्तम. मुंबईच्याच 'एक टाइप' या संस्थेचं काम, आणि जाड्याही भरपूर. त्याच्याबरोबर फिरा मॅथ लावून पाहा. दोघांनाही टोकं-फराटे नाहीत, रेषा जवळपास एकसारख्या जाडीच्या. प्रोजेक्टरवर, मागच्या बाकावरूनही नीट वाचता येतं.

छापील पानासाठी माझ्या आवडीचं एक वेगळं नाव सांगतो: ऑयलर. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीसाठी हर्मान त्साप्फ यांनी तो रेखाटला, क्नुथही त्या कामात होते. त्यातली अक्षरं तिरकी नाहीत, सरळ उभी आहेत. गणिती माणूस फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहील तशी. आपल्या लिपीला तिरकेपणा मुळात नाहीच, म्हणून देवनागरीच्या ओळीत ऑयलरची उभी अक्षरं फार शांत बसतात असं मला कायम वाटत आलंय. पण तुमच्या मुलांच्या डोळ्यांना तिरक्या 'एक्स'ची सवय असणार, आणि परीक्षेचं पुस्तक ही प्रयोगाची जागा नव्हे. तुमच्यासाठी स्टिक्स टूच बरा.

दादरची_मास्तरीण

स्टिक्स टूच का, तेही सांगाल?

जुळारी

सांगतो. तो शिशाच्या खिळ्यांच्या काळातल्या १० पॉइंट टाइम्सवर बेतला आहे. त्या काळी लहान आकाराचे खिळे मुद्दाम भरदार कापत, म्हणजे छापताना बारीक रेषा तुटू नयेत. तोच भरदारपणा यात उतरलाय, म्हणून साध्या मॅपलिथो कागदावर ऑफसेटला तो टिकतो. मजकुराचा स्टिक्स टू टेक्स्ट आणि गणिताचा स्टिक्स टू मॅथ एकाच हातचे. चिन्हांचा साठा प्रचंड, कारण तो विज्ञान-प्रकाशन संस्थांनी एकत्र येऊन करून घेतला.

शिवाय एक योग असा की स्टिक्स टू घडवणाऱ्या टायरो टाइपवर्क्सनेच टायरो देवनागरी हा फॉन्ट केलाय. त्याची हिंदी, मराठी आणि संस्कृत अशी तीन रूपं आहेत. मराठी रूपात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, वेगळं काही सांगावं लागत नाही. पुस्तकाच्या पानासाठीच घडवलेली देवनागरी आहे. जाड-बारीक रेषांचं नातं स्टिक्स टूच्या पानाला शोभेसं वाटतं.

त्याची एक उणीव आधीच सांगून ठेवतो: टायरो देवनागरीला ठळक जाडी नाही.

दादरची_मास्तरीण

काल रात्री दोन्ही जोड्या लावून तीच चार पानं छापली. एकीकडे स्टिक्स टू आणि शोभिका, दुसरीकडे स्टिक्स टू आणि टायरो मराठी. इंग्रजी अक्षरं दोन्हीकडे स्टिक्स टू टेक्स्टची. सूत्रं आता पानात मुरली आहेत, फिकेपणा गेला! अपूर्णांकाची रेघही व्यवस्थित उमटली. टायरोचं पान जास्त प्रसन्न वाटतं, शोभिकाचं जास्त ठाम.

एक शंका. शोभिकाला फॉन्टस्पेक या फॉन्ट निवडायच्या पॅकेजमधली 'मॅचलोअरकेस' ही सोय लावली तर देवनागरी एकदम लहान झाली. असं का?

पवई_वसतिगृह

कारण ती सोय त्या फाइलमधल्या इंग्रजी 'एक्स'ची उंची मोजते. शोभिकाचा 'एक्स' पीटी सेरिफचा, उंच. तो स्टिक्स टूच्या 'एक्स'एवढा करायला अख्खा फॉन्ट आकसला, त्याबरोबर देवनागरीही. देवनागरीला ती सोय लावू नका. आकडा हाताने द्या, १ पासून सुरू करून ०.०२च्या पायऱ्यांनी वरखाली करा. 'न'ची शिरोरेषा इंग्रजी लहान अक्षराच्या डोक्यापेक्षा वर आणि मोठ्या अक्षराच्या डोक्यापेक्षा किंचित खाली आली की ओळ सरळ वाटते.

लिपीप्रमाणे फॉन्ट आपोआप बदलावा म्हणून बेबल या भाषांच्या पॅकेजमध्ये 'ऑनकॅर'ची सोय आहे, ती लुआटेकवर चालते. तुम्ही लुआलेटेकच वापरताय, म्हणजे दर इंग्रजी शब्दाला आज्ञा लिहायची गरज नाही.

स्वल्पविराम

मग प्रमेयांच्या ठळक शीर्षकांना टायरोबरोबर काय करणार? सॉफ्टवेअरकडून कृत्रिम ठळकपणा आणता येतो म्हणे.

जुळारी

तो आणू नका. कृत्रिम ठळकपणात रेषा सगळ्या बाजूंनी सारख्या फुगतात. 'द्ध', 'ष्ट', 'क्त' यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते आणि 'सिद्धता' हा शब्दच आधी मरतो. तुमच्या पुस्तिकेत तो पानोपानी येणार.

माझी शिफारस शोभिकाचीच. सूत्रं, व्याख्या, प्रमेयं, उदाहरणं असं भरगच्च पान असेल तिथे ठळक जाडी लागतेच, आणि त्याची ठळक जाडी खरी रेखाटलेली आहे. निबंधासारखं सलग वाचायचं काही केलंत तर टायरो घ्या. शीर्षकात सूत्र आलं तर तिथे मात्र काळजी घ्या. स्टिक्स टू मॅथमध्ये सदिशांसाठी ठळक अक्षरं आहेत, पण अख्खं सूत्र ठळक करायला वेगळा ठळक गणित फॉन्ट नाही. शीर्षकातलं सूत्र साध्या जाडीतच राहू द्या किंवा शीर्षक शब्दांत लिहा.

आणि छापायला टाकण्याआधी पीडीएफमधून तिरका लहान 'एच' शोधून बघा. युनिकोडमध्ये गणिताची तिरकी अक्षरं ओळीने दिली आहेत, पण 'एच'ची जागा रिकामी ठेवलेली आहे, कारण प्लँकच्या स्थिरांकाचं चिन्ह म्हणून तो आधीच दुसरीकडे नोंदलेला होता. एखाद्या चिन्हसंचाला दुसऱ्या फॉन्टातून काही आणायला सांगितलं आणि मर्यादा नीट दिली नाही तर हाच एक 'एच' परक्या फॉन्टात राहतो. विकलजाच्या व्याख्येत 'एच' शून्याकडे जातो, म्हणजे तुमच्या तिसऱ्या-चौथ्या पानावरच तो लागणार.

दादरची_मास्तरीण

'एच' तपासला, जागेवर आहे. शोभिका ०.९८ वर ठेवलाय, ओळ १६ पॉइंटची, सूत्रांत इंग्रजी आकडे आणि पान क्रमांक मराठी. मुद्रकांकडे याच आठवड्यात आठ पानांचा फर्मा पाठवते, खऱ्या कागदावर. फर्मा आला की फोटो इथे टाकेन. छेदातल्या शब्दांची खुंटी किती उंच ठेवायची ते तेव्हा एकदा डोळ्याखालून घाला.

जुळारी

जरूर. फोटो काढताना उजेड बाजूने येऊ द्या आणि शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे रेघेची जाडी कळेल.